छोट्या दवाखान्यातली सुरक्षा: सुरुवात सुईपासून करा

प्रश्न थोडक्यात असा. गुहागर तालुक्यातल्या एका गावात एक तरुण डॉक्टर स्वतःचा दवाखाना सुरू करताहेत. दोन सिस्टर, रक्त-लघवी तपासणारा एक टेक्निशियन, औषधं देणारा एक मुलगा आणि सकाळी दोन तास झाडलोटीला येणाऱ्या मावशी, एवढीच माणसं. अमेरिकेत दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या मावसबहिणीने त्यांना तिथल्या 'ओशा'ची, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेची, लांबलचक चेकलिस्ट पाठवली आहे. इकडे ओळखीचे डॉक्टर सांगतात, प्रदूषण मंडळाचा कागद घे, कचऱ्याच्या गाडीशी करार कर, झालं. कामाच्या ठिकाणची सुरक्षा म्हणून खरोखर काय करावं लागतं आणि सुरुवात कुठून करावी, असं त्या विचारतात.

डॉक्टर, मी नर्स आहे. आधी वॉर्डात आणि मग संसर्ग नियंत्रणात काम केलं, आणि आता रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या लहान दवाखान्यांना ही घडी बसवून द्यायला जाते. त्यामुळे उत्तर कायद्याच्या क्रमाने देणार नाही. माणसं ज्या क्रमाने जखमी होतात, आजारी पडतात, त्या क्रमाने देते.

ओशाची चेकलिस्ट आधी बाजूला काढू. ते अमेरिकेचे नियम आहेत, तुम्हाला बंधनकारक नाहीत. पण फेकून देऊ नका. रक्तातून पसरणाऱ्या रोगांबद्दलचा त्यांचा नियम 1991 चा आहे, आणि त्यातल्या तीन गोष्टी मी इकडच्या प्रत्येक दवाखान्यात करायला लावते. एक, ज्याचा रक्ताशी संबंध येणार त्याला कामावर आल्यापासून 10 कामाच्या दिवसांत हिपॅटायटिस बीची लस मालकाच्या खर्चाने देऊ करायची. दुसरी, सुई टोचली तर कोणी काय करायचं हे लिहून ठेवायचं आणि ते दरवर्षी पुन्हा वाचायचं. तिसरी त्यांनी पुढे कायदा सुधारताना घातली: सुया, सिरिंजा, डबे कोणते घ्यायचे हे ठरवताना जी माणसं ती रोज हातात धरतात त्यांना विचारायचं. आपल्याकडे खरेदी डॉक्टर किंवा त्यांचे यजमान करतात आणि सिस्टरला काय सोयीचं ते कोणी विचारत नाही.

आता आपला कायदा. तुमच्या कामाचा सगळ्यात मोठा भाग 'जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016' यात आहे. हे नियम खाटा नसलेल्या दवाखान्यालाही लागू आहेत, कचरा दिवसाला मूठभर निघत असला तरी. लोक त्याला कचऱ्याचे नियम म्हणतात म्हणून गाडीचा करार केला की सुटलो असं त्यांना वाटतं. नियम 4 नीट वाचा. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, कामावर घेताना आणि मग वर्षातून निदान एकदा आरोग्य तपासणी, तसंच घेताना आणि दरवर्षी प्रशिक्षण, आणि हातमोजे-मास्क-बूट वगैरे पुरेसं संरक्षण: ही सगळी जबाबदारी दवाखान्याच्या मालकाची आहे. आणि तिथे 'आरोग्य कर्मचारी आणि इतर' असं म्हटलेलं आहे. तुमच्या दोन तासांच्या मावशी या 'इतर'मध्ये येतात. त्यांचं नाव पगारपत्रकात आहे की नाही, याने फरक पडत नाही.

माझा सगळा भर या मावशींवर आहे, आणि त्याचं कारण सांगते.

एका दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या बाई काळी पिशवी उचलून मागच्या दारी नेत होत्या. कोणीतरी घाईत सुई कापसाबरोबर साध्या कचऱ्यात टाकली होती. ती पिशवीतून आरपार येऊन बाईंच्या करंगळीजवळ लागली. त्यांनी बोट दाबून रक्त काढलं, घरी जाऊन हळद दाबली आणि गप्प बसल्या. सांगितलं असतं तर 'नीट काम करता येत नाही' म्हणून काढून टाकतील, ही भीती. पाचव्या दिवशी बोट सुजलं तेव्हा सिस्टरच्या लक्षात आलं. एचआयव्ही टाळण्यासाठीच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, ती वेळ टळून गेली होती. सुई कोणत्या रुग्णाची हे कळायला मार्ग नव्हता. हिपॅटायटिस बीची लस त्यांना कधी दिलेलीच नव्हती. पुढच्या सगळ्या तपासण्या निर्धोक आल्या. पण सहा महिने त्या बाईंनी सुनेला आणि नातवाला ताट-पाणी दिलं नाही, आपलं ताट वेगळं ठेवलं. ताटातून काही पसरत नाही हे त्यांना समजावणारं कोणी भेटलं नव्हतं. त्या दवाखान्याचा प्रदूषण मंडळाचा कागद भिंतीवर काचेत लावलेला होता.

म्हणून सुरुवात सुईपासून करा.

सुई वापरल्यावर तिला टोपण परत लावायचं नाही, हे प्रत्येक सिस्टरला माहीत असतं, आणि तरी टोपण लावलं जातं. का, ते बघायला मी ओपीडीत एका कोपऱ्यात तासभर उभी राहते. एका ठिकाणी पांढरा डबा खिडकीखाली पडद्याच्या पलीकडे ठेवला होता, कारण टेबलावर तो बरा दिसत नाही असं डॉक्टरांना वाटे. सिस्टर इंजेक्शन देऊन वळायची, मध्ये रुग्णाची आई, तिच्या कडेवर पोर, खाली आणखी एक पोर पडद्याला लोंबकळणारं. उघडी सुई घेऊन या गर्दीतून चार पावलं जायचं कसं? मग ती टोपण लावायची. तिच्या जागी कोणीही तेच केलं असतं. आम्ही डबा आणि सुई कापायचं यंत्र इंजेक्शनच्या टेबलालगत, तिचा उजवा हात सहज पोचेल अशा स्टँडवर आणलं. टोपण लावणं बंद झालं; भिंतीवर सूचना चिकटवून ते कधीच झालं नसतं. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा. दाबून, हलवून जागा करायची नाही. तसं करतानाच सुया वर येऊन टोचतात.

बाकीचे रंग थोडक्यात. रक्ताने भिजलेला कापूस, ड्रेसिंग, मुदत संपलेली औषधं पिवळ्या पिशवीत. सुई काढलेल्या सिरिंजा, सलाईनच्या नळ्या, हातमोजे लाल पिशवीत. सुया, ब्लेड, सुईसकट सिरिंज पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात. फुटलेल्या अँप्यूल, काचेच्या कुप्या निळ्या खुणेच्या कडक खोक्यात. अँप्यूल हातरुमालात धरून तोडायची सवय सिस्टरांना असते. बोटं कापतात ती तिथेच. तुमच्या टेक्निशियनने रक्ताचे नमुने आणि प्रयोगशाळेतला कचरा गाडीला देण्याआधी निर्जंतुक करायचा असतो. हायपोक्लोराइटचं द्रावण 1 ते 2 टक्के, असं 2018 च्या दुरुस्तीत स्पष्ट झालं आहे. द्रावण रोज ताजं करा. आपल्याकडच्या उकाड्यात बाटलीतलं क्लोरीन लवकर उडतं, आणि महिनाभर उघडी राहिलेली बाटली म्हणजे नुसतं वासाचं पाणी.

आता सुई टोचलीच तर. हे कागदावर मोठ्या अक्षरांत, मराठीत, सिस्टरच्या टेबलामागे लावा.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची. दाबून, पिळून रक्त काढायचं नाही. बोट तोंडात घालायचं नाही. त्यावर ब्लीच, स्पिरिट, हळद काही नको. डोळ्यात रक्त उडालं तर नुसत्या पाण्याने भरपूर धुवायचं. आणि लगेच सांगायचं. सांगितल्याबद्दल कोणी ओरडणार नाही, हे तुम्ही स्वतः तोंडाने, मावशींसकट सगळ्यांना एकत्र बसवून सांगायचं. ते तुमच्याशिवाय दुसरं कोणी सांगू शकत नाही.

धोका किती, हेही कर्मचाऱ्यांना खरं सांगा, कारण न सांगितलं की ते मनात दहापट मोठं होतं. बाधित रुग्णाची सुई टोचल्यावर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात 3 च्या आसपास. हिपॅटायटिस सी ची शंभरात 2 च्या आसपास. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी ची शंभरात 6 ते 30. सगळे एचआयव्हीला घाबरतात, आणि ज्याची लस उपलब्ध आहे त्या हिपॅटायटिस बीचा धोका कितीतरी पट जास्त आहे. तीन डोस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडं तपासून घ्या. आकडा 10 किंवा वर आला की निर्धास्त. काही जणांत लस लागत नाही, आणि ते वेळेवर कळलेलं बरं.

एचआयव्हीसाठीच्या प्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हव्यात, 72 तासांच्या पुढे त्यांचा उपयोग नाही, आणि 28 दिवस रोज घ्यायच्या असतात. रक्ततपासणी लगेच, मग 6 आठवड्यांनी, 3 महिन्यांनी आणि 6 महिन्यांनी. रुग्णाचं रक्त तपासायचं तर त्याची संमती हवी आणि निकाल गुप्त राहायला हवा. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा तुमच्यासारख्या दवाखान्यालाही सांगतो की कर्मचाऱ्यांना सर्वसाधारण खबरदारीची साधनं, प्रशिक्षण आणि टोचल्यावरची प्रतिबंधक औषधं मिळण्याची सोय मालकाने करायची. ही ऐच्छिक गोष्ट नाही.

आता तुमच्या गावातून हे दोन तास कसे पाळायचे, याचा विचार दवाखाना उघडण्याआधी करा. गुहागरहून रत्नागिरीला दिवसा तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरून जाता येतं. फेरी बंद असेल तर चिपळूणवरून मोठा वळसा पडतो. चिपळूणजवळ कामथ्याला उपजिल्हा रुग्णालय आहे. तिथे, आणि तुमच्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात, स्वतः जाऊन विचारा: या गोळ्या इथे ठेवलेल्या असतात का, रात्री कोणाकडे किल्ली असते, कोणाला फोन करायचा. मिळालेला नंबर त्याच कागदावर लिहा. हिपॅटायटिस बीचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, शक्यतो 24 तासांत द्यायचं असतं आणि ते थंड साखळीत ठेवावं लागतं, प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. चिपळूण-रत्नागिरीतल्या कोणत्या दुकानात असतं ते माहीत करून ठेवा. रविवारी संध्याकाळी पहिल्यांदा शोधायला निघालात तर मिळत नाही.

टोचण्याची नोंदवही वेगळी ठेवा: तारीख, कोण, कोणतं काम करताना, कोणत्या प्रकारची सुई, काय केलं. सहा महिन्यांनी ती वाचली की दिसतं, सगळ्या घटना एकाच टेबलापाशी किंवा एकाच वेळेला होताहेत. आणखी एक कारण आहे. संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामातून, म्हणजे आरोग्यसेवेतून किंवा प्रयोगशाळेतून झालेला संसर्गजन्य आजार नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. ज्या बाईला आजार झाला तिला हक्क मागता यावा म्हणून त्या दिवसाची नोंद हवी. तुमच्या विरुद्ध पुरावा होईल या भीतीने नोंद टाळणारे मालक मी पाहिलेत. तसं करू नका.

कचऱ्याच्या गाडीचा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर वेगळा आहे. शहरात गाडी रोज येते, आडगावात तशी येईलच असं नाही. नियम सांगतो की रक्ताने माखलेला कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. जुलैत घाट बंद झाला, पूल पाण्याखाली गेला की गाडी येत नाही, हे आपण सगळे जाणतो. त्याची तरतूद नियमांतच आहे: जास्त ठेवावा लागला तर त्रास होणार नाही अशी व्यवस्था करा आणि कारणासकट मंडळाला कळवा. तर गाडी चुकली त्या दिवशी चिपळूणच्या उपप्रादेशिक कार्यालयाला दोन ओळींचा ईमेल पाठवा, प्रत फायलीत लावा. कचऱ्याची खोली कुलूपबंद, जमिनीपासून उंच, कुत्रं-मांजर-उंदीर न पोचणारी हवी. कौलारू घराचा मागचा सोपा असेल तर वाशांतून उंदीर उतरतात, तिथे झाकणाचा घट्ट डबाच घ्या.

आणि परसात जाळायचं नाही, पुरायचं नाही. नारळाच्या झावळ्यांबरोबर पिशव्याही पेटवून देणं इकडे सर्रास चालतं. त्या धुरात विषारी वायू असतात आणि तो धूर पहिल्यांदा मावशींच्या छातीत जातो. खोल पुरण्याची मुभा फक्त जिथे सामायिक प्रक्रिया केंद्राची सोय पोचतच नाही अशा दुर्गम भागाला आहे, आणि तिथेही खड्ड्याच्या तळापासून भूजल निदान 6 मीटर खाली हवं. आपल्याकडे श्रावणात विहिरीला हात लावला तर पाणी लागतं. ही अट किनाऱ्यालगतच्या वाडीत पुरी होणं कठीण, तेव्हा तो विचारच नको.

एक दिवस मात्र दरवर्षी पक्का करून ठेवा. जूनच्या 30 तारखेपर्यंत मंडळाला वार्षिक अहवाल जायचा असतो. त्याच सुमारास पाऊस लागलेला असतो, वीज-नेट दोन्हीचा भरवसा नसतो. म्हणून मे महिन्यात, आगोटीची बेगमी करतो तेव्हाच, हे सगळं उरका: अहवाल, सगळ्यांचं वार्षिक प्रशिक्षण, आरोग्य तपासणी, आणि इमारतीची डागडुजी. खाटा नसलेल्या दवाखान्याला मंडळाचं ऑथोरायझेशन, म्हणजे तो भिंतीवरचा कागद, एकदाच घ्यावं लागतं, पण अहवाल दरवर्षीचा आहे. हे दोन वेगळे, हे फार जणांना माहीत नसतं. नोंदी पाच वर्षं जपा, आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात नको. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं तेव्हा बाजारपेठेत पहिल्या मजल्याच्या जवळ पोचलं होतं. तुमचा दवाखाना खाडीकाठी सखल जागी असेल तर सुयांचे भरलेले डबे, औषधं, नोंदवह्या माळ्यावर कोणी आणि किती वेळात न्यायच्या, हे पावसाआधी ठरवा. पाणी ओसरल्यावर चिखल काढायला मावशी अनवाणी उतरतात, त्या चिखलात सुयाही असू शकतात आणि उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे जंतूही. गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि जाड रबरी हातमोजे आधीच आणून ठेवा. इंजेक्शन देताना घालायचे पातळ हातमोजे कचरा उचलायला चालत नाहीत. पायाला भेगा-जखमा असतील तर त्या दिवशी चिखलात उतरवू नका, आणि प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन द्यायचं का हे तुम्ही डॉक्टर म्हणून ठरवा.

खारी हवा हा आपला दुसरा शत्रू. ऑटोक्लेव्हची सुरक्षा झडप, आग विझवण्याच्या नळकांड्याचा तळ, विजेच्या बोर्डातले स्क्रू, सगळं गंजतं. ऑटोक्लेव्ह म्हणजे 121 अंश आणि 15 पौंड दाबाखाली चाललेलं भांडं आहे. त्याची झडप अडकली तर स्फोट होतो. महिन्यातून एकदा झडप उचलून बघा, रबराची रिंग फाटली की बदला, विहिरीच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर वापरा. विजेच्या मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. ओल्या फरशीवर चालणाऱ्या मावशींचा जीव तोच वाचवतो. अर्थिंगचा खड्डा चैत्र-वैशाखात जांभ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहायला सांगा. इन्व्हर्टरची बॅटरी बंद खोलीत, स्पिरिटच्या कपाटाखाली कधीही नको.

ऑक्सिजनचा सिलिंडर ठेवणार असाल तर एक गोष्ट कृपा करून सगळ्यांना पाठ करायला लावा. झडप गंजून घट्ट झाली की आपल्याकडे कोणीही सवयीने खोबरेल तेल लावतो. कडी-कोयंड्याला ते ठीक आहे. ऑक्सिजनच्या झडपेला तेल, वंगण, तेलकट हात लागला तर दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते आपोआप पेट घेतं. मी एका ठिकाणी सिलिंडरशेजारी तेलाची बाटली ठेवलेली पाहिली, ठेवणाऱ्या मुलाचा हेतू चांगलाच होता. त्याला दोष नाही, त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सिलिंडर भिंतीला साखळीने बांधलेला हवा, आणि झडप फार घट्ट असेल तर पुरवठादाराला परत द्या.

हवेबद्दल. पावसात सगळ्या खिडक्या लावून घेतल्या जातात आणि बसायच्या खोलीत खोकणारी वीस माणसं. क्षयरोग असाच पसरतो, आणि दिवसभर तिथेच बसलेल्या सिस्टरला आणि औषध देणाऱ्या मुलाला तो पहिल्यांदा गाठतो. तुमच्या इमारतीला पडवी असेल तर रुग्ण पडवीतच बसवा. आपल्या जुन्या घरांची पडवी म्हणजे याच कामासाठी बांधलेली वाटावी इतकी उपयोगी आहे. खोकणाऱ्याला मास्क द्या आणि रांगेतून पुढे घ्या. तपासणीच्या खोलीत समोरासमोर दोन झरोके ठेवा, वर पागोळ्या अडवणारं छप्पर घ्या म्हणजे पावसातही उघडे राहतील. पंखा असा लावा की वारा तुमच्या पाठीकडून रुग्णाकडे आणि तिथून बाहेर जाईल. साधा स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, ताजी हवा आणत नाही.

साप चावलेला रुग्ण येतो तेव्हा बरोबर गाव येतं, आणि पुष्कळदा सापही येतो. पिशवीत, बरणीत, काठीला गुंडाळून. मेलेल्या सापाचं डोकंही काही वेळ प्रतिक्षिप्त क्रियेने चावू शकतं. साप उंबरठ्याच्या आत आणायचा नाही, दुरून फोटो चालेल, असं दाराबाहेर लिहा. अशा वेळी गर्दी बिथरली की सिस्टर एकटी सापडते. रात्री एकट्या बाईवर दवाखाना सोडायचा नाही. तिच्या टेबलामागे दुसरं दार हवं, आणि 112 शिवाय पोलीस ठाण्याचा थेट नंबर हवा. महाराष्ट्रात 2010 पासून कायदा आहे: आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड. त्याची पाटी लावा. त्यात डॉक्टरच नाही, नर्स आणि इतर कर्मचारीही येतात.

लैंगिक छळाचा 2013 चा कायदा लहान दवाखान्याला लागू नाही असा एक गैरसमज आहे. 10 किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती नेमावी लागते. तुमच्याकडे कमी आहेत, म्हणून तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मालकाविरुद्धची तक्रारही तिथेच. त्या समितीचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयातून घेऊन सगळ्या बायकांना दिसेल असा लावा. तुम्ही स्वतः स्त्री आहात म्हणून गरज नाही असं समजू नका. येणारे औषध कंपनीचे प्रतिनिधी, रुग्णाचे नातेवाईक, यांच्याबद्दलही ती तक्रार करता येते.

पाऱ्याचा रक्तदाबमापक कोणी जुना दिला तर घेऊ नका. डिजिटल घ्या. घरात आधीच असेल आणि फुटला तर झाडूने लोटायचा नाही, त्याने पाऱ्याचे बारीक गोळे खोलीभर होतात. खिडक्या उघडा, हातमोजे घालून कडक कागदाने गोळे एकत्र करा, सिरिंजने ओढून थोडं पाणी घातलेल्या घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा.

खर्चाचं विचारलंत नाही, तरी सांगते, कारण माणसं तिथेच अडतात. पहिल्या महिन्यात पैसे कमी असतील तर हा क्रम ठेवा: पाचही जणांची आणि तुमची लस, सुईचा डबा आणि कापायचं यंत्र, जाड हातमोजे आणि बूट, आरसीसीबी. ऑथोरायझेशन आणि गाडीचा करार दार उघडण्याआधीच व्हायला हवा, त्याला पर्याय नाही. रंगीत फलक, छापील वह्या, बिल्ले नंतर आले तरी चालतील, सुरुवातीला दोनशे पानी वही पुरते. प्रशिक्षणासाठी बाहेरचा माणूस बोलवायची गरज नाही. दुपारी ओपीडी संपल्यावर तुम्ही स्वतः अर्धा तास बसा, मावशींना पिशव्यांचे रंग हातात घेऊन दाखवा, मग त्यांच्याकडून तेच तुम्हाला दाखवून घ्या, आणि हजेरीवर सह्या किंवा अंगठे घ्या. मावशी दोन दिवस येणार नाहीत तेव्हा बदली म्हणून त्यांची सून किंवा जाऊ येते, गणपतीत तर हमखास. तिलाही आधी हे दाखवल्याशिवाय पिशवीला हात लावू देऊ नका.

पुढे कधी एक्स-रे मशीन घ्यायचा विचार झाला तर मशीनचा आगाऊ पैसा देण्याआधी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवर काय लागतं ते पाहा आणि खोलीचा आराखडा भिंती उभ्या राहण्याआधी तपासून घ्या; चिऱ्याची भिंत पुरते की नाही हे नंतर कळून उपयोग नसतो. मशीन चालवणाऱ्याच्या छातीला टीएलडी बिल्ला, म्हणजे अंगावर किती किरण पडले ते मोजणारा बिल्ला हवा, तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. या किरणांची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षी 30 च्या वर नाही. दिवस गेलेल्या सिस्टरने ते लवकर सांगावं असं सगळ्यांना आधीच कळवून ठेवा, आणि सांगितल्यावर तिचं काम बदला, पगार मात्र बदलू नका.